बरगी आणि जमिनीचे वाढीव मोल

जबलपूरजवळचे बरगी धरण १९९० मध्ये पूर्ण झाले. नर्मदेच्या मुख्य प्रवाहावरील नियोजित मोठ्या धरणांपैकी प्रथम पुरे झालेले ते हेच. जबलपूर, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याच्या जलाशयाची झळ पोहोचली. त्यांत गोंड आदिवासींची संख्या मोठी होती. दुसरीकडे, जेथे कालव्याचे पाणी पोहोचते तेथे कोरडवाहू शेताचे मोल वाढते. ही वाढ शेतमालकाच्या कष्टाची नसते, सरकारी खर्चाची आणि दुसऱ्याच्या बुडालेल्या गावाची असते. मग ती कोणाची मानावी?

हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. १८१७-१८ च्या युद्धात जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्यानंतरच्या जमाबंदीत गावचा वसूल करणारे मालगुजार गावाचे मालक ठरवले गेले. सारा दीर्घ मुदतीसाठी बांधून दिला होता. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता जबलपूरमार्गे लोहमार्गाने जोडले गेले. धान्याला दूरची बाजारपेठ मिळाली, जमीन महागली, सारा मात्र मुदत संपेपर्यंत तोच राहिला. नफ्याचा मोठा वाटा मालगुजारांच्या पदरात पडला. ही पद्धत कायद्याने संपायला १९५१ साल उजाडले.

अशा आयत्या वाढीवर समाजाचा हक्क आहे, असे जॉन स्टुअर्ट मिल मांडत होता. तो १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता, म्हणजे एका अर्थी आमच्याच पेशातला. त्याआधी टॉमस पेन याने १७९७ मध्ये छापलेल्या पुस्तिकेत याहून पुढचा हिशेब मांडला होता: जमीन मुळात सर्वांची, म्हणून खाजगी मालकाने समाजाला भूभाडे द्यावे, ते वारशाच्या वेळी वसूल करून प्रत्येकाला एकविसाव्या वर्षी १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दरसाल १० पौंड द्यावेत. ही भीक नव्हे, हक्क आहे, असे तो बजावतो. आज ज्याला सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न म्हणतात, त्याच्या मुळाशी जमिनीचा हिशेब होता, हे आपल्याकडील चर्चेत सहसा आठवत नाही.

आपल्या कायद्याने मात्र उलट वाट धरली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४ नुसार, संपादित जमिनीच्या नियोजित वापरामुळे तिचे मोल वाढणार असले तरी ती वाढ मोबदल्यात धरायची नव्हती. हिशेब म्हणून हे बरोबर असेल. पण ज्याची जमीन बुडाली त्याला वाढ नाही, आणि ज्याच्या बांधाशी कालवा आला त्याच्याकडून ती वसूल करण्याची पक्की तरतूद नाही. पाणीपट्टी ही पाण्याची किंमत झाली. ती जमिनीच्या मोलावरचा कर नव्हे.

महाराष्ट्राने १९७६ च्या प्रकल्पग्रस्त पुनर्वसन कायद्यात वेगळी दिशा दाखवली. लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांची काही जमीन संपादून ती विस्थापितांना द्यायची, अशी ती तरतूद. मोबदला देऊन का होईना, लाभधारकाकडून विस्थापिताकडे थेट वाटा नेणारी ही योजना मला कराच्या जवळची वाटते. त्याच दशकात रोजगार हमीसाठी व्यवसाय कराबरोबर बागायती जमिनीवरही आकारणी झाली. हमी श्रमाची होती, उत्पन्नाची नव्हे. तरी पैसा कोठून आणायचा हे त्या योजनेने आधी ठरवले, आणि वित्त खात्यात बसणाऱ्यांना याचे मोल कळेल. २०१३ च्या केंद्रीय कायद्यानेही सिंचन प्रकल्पांत, शक्य तेथवर, जमीन गेलेल्या कुटुंबाला लाभक्षेत्रात किमान एक एकर देण्याची तरतूद केली. बरगीच्या गावांना ती फार उशिरा आली.

बरगीत मिळाले ते वेगळेच. १९९४ मध्ये विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या संघाला जलाशयात मासेमारीचे हक्क देण्यात आले. ज्या पाण्याखाली शेते गेली, त्याच पाण्यातील मासळीवर काही काळ त्यांचा हक्क राहिला. धरणाची पातळी उतरली की उघड्या पडणाऱ्या गाळपेरीच्या जमिनीसाठीही त्यांनी लढा दिला. रोख अनुदानाच्या तक्त्यात मावणारा हा हिशेब नव्हता. पण आपल्याच बुडालेल्या जमिनीच्या नव्या उत्पन्नात वाटा, हेच त्याचे स्वरूप होते.