तापीमुखावरील दीपस्तंभ

सूर्यकन्या तापी मुलताईस उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करते व सुरतेच्या पश्चिमेस सागरास मिळते. या सागरसंगमाने सुरतेस वैभव दिले, तसेच नाविकांची कठोर परीक्षाही पाहिली. पर्जन्यकाळी नदीने आणलेला गाळ मुखाशी साचे, वाळूचे दांडे जागा बदलीत, आणि खंभातच्या आखातातील भरती-ओहोटी तर अतिशय प्रबळ. म्हणून गलबते भरतीची वाट पाहून आत शिरत. मोठी जहाजे मात्र उत्तरेस सुवाळीच्या आश्रयास नांगर टाकीत. इंग्रजांचे 'हेक्टर' जहाज १६०८ मध्ये तापीमुखाशी आले. १६१२ मध्ये सुवाळीच्या जलात इंग्रज व पोर्तुगीज यांचे युद्ध झाले. शिवछत्रपतींनी १६६४ व १६७० मध्ये ज्या संपन्न नगरीवर स्वारी केली, तिची लक्ष्मी याच अवघड द्वाराने येत असे.

१६९७ मध्ये व्हॉक्स नामक इंग्रज अधिकारी पत्नीसह तापीत नौका बुडून मृत्यू पावला. मुखाजवळचे त्याचे थडगे पुढे नाविकांची खूण ठरले. ज्या जलाने एकाचा प्राण घेतला, त्याच जलातून त्याची समाधी इतरांस वाट दाखवू लागली! परंतु ही खूण दिवसाची. अंधार पडताच ती लोपे. एकोणिसाव्या शतकात तिच्या परिसरात दीपस्तंभ उभा राहिला, तेव्हा ही उणीव दूर झाली.

दीपाने वाळूचे दांडे हटत नाहीत, पाणीही खोल होत नाही. आपण कोठे आहोत आणि मुख कोणत्या दिशेस आहे, एवढेच तो सांगतो. पाण्याचा ठाव घेणे आणि भरतीची वेळ साधणे हे तांडेलाचेच काम.

हा दीप लागला तेव्हा सुरतेचा मध्यान्ह टळून गेला होता. १६८७ मध्येच इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे मुंबईस नेले होते; नदी गाळाने उथळ होत होती; १८६४ मध्ये मुंबईचा लोहमार्ग झाल्यावर मालाची वाट आणखी बदलली. तरीही दीपाचे प्रयोजन संपले नाही. वैभवाच्या काळी शेकडो जहाजांना जे साह्य लाभले नाही, ते ओहोटीच्या काळातील लहानशा गलबतालाही लाभले. आज त्याच हजिऱ्याच्या किनाऱ्यावर प्रचंड जहाजे लागतात. २००५ मध्ये तेथे द्रवरूप वायूचे बंदरही सुरू झाले. साधने पालटली, तरी मुखाशी येणाऱ्यास दिशा दाखविण्याचे व्रत अखंड आहे. दीपाची थोरवी त्याच्या समोरून जाणाऱ्या जहाजांच्या संख्येवरून मोजावयाची नसते. अंधारात आलेल्या एकासही वाट सापडली, की तो सार्थ होतो.