रोहिणीकाठच्या स्त्रिया आणि संघकर्माचे शिक्षण

शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा कलह आपल्या वाचकांना परिचित आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात या कलहाला सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या कारणमीमांसेत मध्यवर्ती स्थान दिले. वृद्ध, रोगी आणि मृत यांच्या दर्शनाची पारंपरिक कथा त्यांच्या चिकित्सक बुद्धीला पटली नाही. या कलहाची चर्चा करताना आपण बहुधा सेनापती, शाक्य संघाची सभा, युद्धाचा ठराव आणि सिद्धार्थाचा विरोध यांविषयी बोलतो. त्या दोन काठांवर राहणाऱ्या स्त्रियांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे. त्याचे उत्तर आपल्याला भिक्खुनी संघापर्यंत आणि तेथून आजच्या ग्रामसभेपर्यंत घेऊन जाते.

प्रथम साधनांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. बाबासाहेबांच्या मांडणीत हा कलह सिद्धार्थाच्या वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, म्हणजे गृहत्यागापूर्वी घडतो. धम्मपद आणि जातक यांवरील अट्ठकथांत तो संबोधीनंतरच्या काळात येतो. जेष्ठ महिना, आटलेली नदी, दोन्ही तीरांवरची करपणारी पिके, बांधावर दोन्हीकडच्या मजुरांची शिवीगाळ आणि त्या शिवीगाळीतून शस्त्रापर्यंत गेलेले भांडण असा तो प्रसंग आहे. तथागत तेथे जातात आणि पाण्याचे मोल अधिक की माणसांचे, असा प्रश्न दोन्ही पक्षांना विचारतात. युद्ध टळते. त्यानंतर दोन्ही कुळांतून प्रत्येकी अडीचशे तरुण प्रव्रज्या घेतात, असे अट्ठकथा सांगतात. महापजापती गोतमीबरोबर निघालेल्या स्त्रिया या तरुणांच्याच पत्नी होत्या, हेही अट्ठकथांचेच कथन आहे. मूळ विनयपिटकातील चुल्लवग्गात ‘पुष्कळ शाक्य स्त्रिया’ एवढाच उल्लेख आहे. तेथे पाचशे हा आकडा नाही. अट्ठकथा आज उपलब्ध असलेल्या स्वरूपात पुष्कळ नंतरच्या आहेत. म्हणून प्रत्येक तपशील इतिहास म्हणून स्वीकारता येणार नाही. तथापि परंपरेने भिक्खुनी संघाचा उगम एका कलहग्रस्त समाजातील स्त्रियांशी जोडला, हे लक्षणीय आहे.

महापजापती गोतमीचे स्थान या संदर्भात विशेष आहे. परंपरेनुसार तिचे माहेर देवदहाचे, आणि बाबासाहेबांनी तिचा पिता अंजन याला कोलिय म्हटले आहे. म्हणजे जिचे सासर एका काठावर आणि माहेर दुसऱ्या काठावर, अशी ही स्त्री. शाक्य आणि कोलिय यांच्यात सोयरिकी होत्या. युद्ध झाले असते तर एका घरातील स्त्रीचा पती आणि भाऊ परस्परांसमोर उभे राहिले असते. असे असूनही, पाली वाङ्मयात शाक्यांच्या संथागाराची वर्णने येतात त्यांत बसून मत देणाऱ्या स्त्रिया आढळत नाहीत. कलहाची झळ स्त्रियांना लागत होती. कलहाचा निर्णय मात्र पुरुषांच्या सभेत होत होता.

गोतमीने कपिलवत्थूच्या निग्रोधारामात तीन वेळा प्रव्रज्येची अनुमती मागितली. ती मिळाली नाही. तेव्हा केस कापून, काषाय वस्त्रे परिधान करून ती इतर स्त्रियांसह वेसालीपर्यंत पायी गेली आणि सुजलेल्या पायांनी, धुळीने माखलेल्या अंगाने महावनातील कूटागारशाळेच्या द्वाराबाहेर उभी राहिली. आनंदाने मध्यस्थी केली. स्त्रीला सोतापत्तीपासून अर्हत्त्वापर्यंतची फळे प्राप्त करता येतात काय, या त्याच्या प्रश्नाला तथागतांनी होकार दिला आणि त्या होकारावर भिक्खुनी संघाची स्थापना झाली. ही घटना आपण नेहमी सांगतो. परंतु येथे थांबून चालत नाही. प्रवेश मिळणे ही एक गोष्ट आणि प्रवेश मिळाल्यानंतर संघ चालविता येणे ही दुसरी गोष्ट आहे.

या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास चुल्लवग्गाच्या दहाव्या खंधकात आहे, आणि अभ्यासकांनी त्याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. तेथील क्रम असा. भिक्खुनींसाठी पातिमोक्खाचे पठण होत नव्हते. तेव्हा ते भिक्खूंनी करावे असे ठरले. भिक्खू त्यांच्या निवासस्थानी जाऊ लागताच लोकांत कुजबूज सुरू झाली. त्यावर तथागतांनी नियम बदलला: भिक्खुनींचे पातिमोक्ख भिक्खुनींनीच म्हणावे. पण कसे म्हणावयाचे हे त्यांना ठाऊक नव्हते. या टप्प्यावर जुनी व्यवस्था परत आणणे सोपे होते. तसे झाले नाही. पठण कसे करावे हे भिक्खूंनी त्यांना शिकवावे, अशी अनुज्ञा दिली गेली. आपत्तीच्या कबुलीबाबत हाच क्रम घडला. संघकर्माबाबतही हाच क्रम घडला. प्रथम पुरुषांनी काम करणे, मग ते स्त्रियांकडे सोपविणे, आणि अज्ञान आड आले तर काम परत न घेता शिक्षण देणे, अशी ही तीन पावले आहेत.

संघकर्म म्हणजे काय, हे ध्यानात घेतल्याशिवाय या शिक्षणाचे मोल कळणार नाही. संघकर्म हे धार्मिक विधीपुरते मर्यादित नाही. सीमेच्या आत असलेल्या सर्व सदस्यांनी एकत्र येणे, ठराविक संख्या पुरी असणे, ञत्ति म्हणजे प्रस्ताव मांडणे, तो विहित वेळा उच्चारणे, विरोध असणाऱ्याने बोलणे व संमती असणाऱ्याने मौन राखणे, मतभेद न मिटल्यास शलाका घेऊन बहुमत पाहणे, ही सारी सभेची कार्यपद्धती आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी नेमक्या याच गोष्टीकडे देशाचे लक्ष वेधले होते. प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे संसदीय नियम बौद्ध संघांना माहीत होते, आणि ते तथागतांनी तत्कालीन राजकीय सभांतून घेतले असावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे प्रतिपादन स्वीकारले तर एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ज्या संथागारात स्त्रीला स्थान नव्हते, त्या संथागाराची कार्यपद्धती संघाच्या मार्गाने तिच्या हाती आली. रोहिणीच्या कलहावर जिला मत देता आले नव्हते, ती आता ञत्ति मांडू लागली.

हे शिक्षण वरवरचे नव्हते. उपसंपदेपूर्वी सिक्खमाना म्हणून दोन वर्षे सहा शीलांचे शिक्षण घ्यावे लागे, आणि त्यासाठीही संघाची संमती आवश्यक असे. उपसंपदा देणारी पवत्तिनी स्वतः किमान बारा वर्षांची भिक्खुनी असली पाहिजे, असा नियम होता. उपसंपदा दिल्यानंतर दोन वर्षे शिष्येला साहाय्य न करणारी पवत्तिनी दोषी ठरे, आणि दोन वर्षे पवत्तिनीच्या सान्निध्यात न राहणारी शिष्याही दोषी ठरे. एका वर्षात दोघींना उपसंपदा देण्यास मनाई होती. संख्या वाढविण्याची घाई न करता एकेक व्यक्ती घडविण्याची ही पद्धत होती. शिकताना अपयश येणारच, हेही गृहीत धरलेले दिसते. उप्पलवण्णेची एक शिष्या सात वर्षे तथागतांच्या मागोमाग राहून विनय शिकत होती. पण तिची स्मृती दुर्बल होती, शिकलेले ती विसरत असे. यावर स्त्रियांना विनय झेपत नाही, असा निष्कर्ष काढला गेला नाही. भिक्खूंनी भिक्खुनींना विनय शिकवावा, अशी अनुज्ञा मिळाली. पुढे विनयधर भिक्खुनींत पटाचारेला अग्रस्थान मिळाले. पती, मुले आणि माहेर सारे एकाच वेळी गमावलेली ही स्त्री अनेक शोकग्रस्त स्त्रियांची आचार्या झाली.

कलह मिटविण्याचे शिक्षण हा या अभ्यासक्रमाचा गाभा होता. सात अधिकरणसमथ भिक्खुनी पातिमोक्खातही आहेत. त्यांत दोन्ही पक्षांच्या समक्ष निर्णय करणे आहे, बहुमत घेणे आहे, आणि चिघळलेल्या वादावर गवत पांघरावे तसा तिणवत्थारक हा उपायही आहे. भिक्खुनींच्या पाचित्तिय नियमांत एक नियम विशेष विचारात घेण्यासारखा आहे. वाद मिटविण्याची विनंती झाली असता जी भिक्खुनी होकार देते, आणि अडचण नसतानाही पुढे तो वाद मिटवीत नाही वा त्यासाठी खटपट करीत नाही, ती दोषी ठरते. म्हणजे मध्यस्थी हा मान नव्हता, ते कर्तव्य होते. कोसंबीच्या भिक्खूंचे भांडण सावत्थीपर्यंत आले तेव्हा त्यांच्याशी कसे वागावे, असे गोतमीने तथागतांना विचारले. दोन्ही बाजूंचे ऐकावे, आणि ऐकून धम्माला धरून बोलणाऱ्यांचा पक्ष स्वीकारावा, असा उपदेश तिला मिळाला. रोहिणीच्या दोन काठांमध्ये जिचे आयुष्य विभागले होते, त्या स्त्रीवर दोन्ही बाजू ऐकून स्वतः निर्णय करण्याचा विश्वास येथे टाकलेला आहे.

परंतु इतिहासलेखकाने आपल्या श्रद्धेला सोयीचे तेवढेच सांगू नये. भिक्खुनींच्या आपसांतील अधिकरणांचा निवाडा भिक्खूंनी करावा, असेही त्याच खंधकात नमूद आहे. निवाडा झाल्यावर कर्म पार पाडणे तेवढे भिक्खुनींकडे सोपविले गेले. आठ गरुधम्मांनी ज्येष्ठ भिक्खुनीलाही नवख्या भिक्खूपुढे नमविले. ज्येष्ठतेनुसार परस्पर वंदन व्हावे ही गोतमीची मागणी मान्य झाली नाही, असे ग्रंथ सांगतो. गरुधम्मांच्या ऐतिहासिकतेविषयी शंका घेण्यास आधार आहे: सिक्खमानेच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा उल्लेख त्यांत येतो, आणि भिक्खुनी संघच अस्तित्वात नसताना ही व्यवस्था असणे संभवत नाही. बाबासाहेबांनीही 1951 साली ‘महाबोधी’ नियतकालिकातील आपल्या लेखात स्त्रियांविषयीच्या काही वचनांची अशीच चिकित्सा करून तथागतांवरील आक्षेपांचे खंडन केले. तरीही, प्रक्षेप कोणीही केलेला असो, परिणाम भिक्खुनींना भोगावा लागला. कार्यपद्धती शिकविली गेली, पण अंतिम निवाड्याचा अधिकार पूर्णतः सोपविला गेला नाही. सांची, अमरावती, कान्हेरी, कुडे येथील दानलेखांत भिक्खुनी आणि प्रव्रजिता आपल्या नावांनिशी उभ्या आहेत. अमरावतीस ‘उवझायिनी’ म्हणजे उपाध्यायिनी हे पदही दिसते. पुढे मात्र भारतातून ही परंपरा लोपली.

आधुनिक काळात हा तुटलेला धागा बाबासाहेबांच्या चळवळीने पुन्हा हाती घेतला. 20 जुलै 1942 रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. समाजाच्या प्रगतीचे माप स्त्रियांच्या प्रगतीवरून घ्यावे, हा विचार बाबासाहेबांनी तेथे मांडला. या परिषदेचे महत्त्व केवळ गर्दीत नाही. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांच्या रजा यांसारख्या विषयांवर स्त्रियांनी ठराव मांडले, त्यांना अनुमोदन दिले आणि ते संमत केले. हेही संघकर्मच होते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 साली प्रसिद्ध केलेल्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात अशा स्त्रियांच्या मुलाखती आहेत. सभेत बोलणे त्या सभेतच शिकल्या, हे तो ग्रंथ वाचताना जाणवते.

जुलै 1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि खेडोपाडी आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार होईपर्यंत त्या लढ्यात स्त्रिया मोर्चात होत्या, तुरुंगातही होत्या. 73वी घटनादुरुस्ती 1993 साली अमलात आली आणि पंचायतींत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने 2011 साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 31 ऑक्टोबर 2000 रोजी संमत केलेल्या 1325 क्रमांकाच्या ठरावाने संघर्ष मिटविण्याच्या प्रक्रियेत स्त्रियांच्या सहभागाची आवश्यकता जगाने मान्य केली. द्वार उघडले आहे. परंतु गावात निवडून आलेली स्त्री कागदावर सही करते आणि खुर्चीत तिचा पती बसतो, हे दृश्यही आपल्याला अपरिचित नाही. तिला काही कळत नाही म्हणून आपण काम पाहतो, असे तो सांगतो. चुल्लवग्गात नेमका हाच प्रसंग आला होता, आणि तेथे दिलेले उत्तर वेगळे होते: कळत नसेल तर शिकवा, काम मात्र तिनेच करावयाचे.

आपल्या विहारांनी स्वतःस काही प्रश्न विचारले पाहिजेत. वंदनेला स्त्रिया मोठ्या संख्येने बसतात. विहार समितीचे इतिवृत्त त्यांच्यापैकी किती जणी लिहितात? हिशेबाची वही कोणाच्या हाती असते? वस्तीत तंटा झाला तर तो मिटविण्यासाठी कोणाला बोलावतात? वर्षावासातील ग्रंथवाचनाबरोबर प्रस्ताव कसा मांडावा, विरोध कसा नोंदवावा, ग्रामसभेत प्रश्न कसा विचारावा, दोन्ही पक्षांचे ऐकून निवाडा कसा करावा, याचे शिक्षण विहारात देता येईल. ज्येष्ठ उपासिकेने दोन वर्षे एका तरुणीला आपल्याबरोबर घेऊन समितीचे काम शिकवावे, इतका साधा नियमही पुरेसा होईल. विनयाला तो नवा नाही. मात्र प्राचीन संघात जे अर्धवट राहिले ते आपण पूर्ण केले पाहिजे. शिकविल्यानंतर निवाड्याचा अधिकारही सोपविला पाहिजे. गोतमी वेसालीच्या द्वाराशी उभी राहिली ती केवळ आत घेतले जावे म्हणून नव्हे. आत गेलेल्या स्त्रीला सभेत आपले मत मांडता यावे, आणि तिच्या मताने सभेचा निर्णय बदलावा, येथपर्यंत तो प्रवास गेला तरच तो पूर्ण झाला असे म्हणता येईल.