ओलं फडकं आणि चौसष्ट खाने

कन्नडचा घाट मे महिन्यात जुन्या फियाटमधून ज्यांनी चढलाय, त्यांना ओल्या फडक्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. चाळीसगाव सोडलं की थोड्याच वेळात घाट लागायचा आणि मध्यावर कुठेतरी गाडी आचके देऊन बंद पडायची. मग बॉनेट वर, चाकाखाली दगड, आणि पाण्याच्या कॅनमध्ये भिजवलेलं फडकं पेट्रोल पंपावर गुंडाळायचं. आम्ही पोरं कठड्यावर बसून माकडं मोजायचो. दहा-पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला की गाडी, जणू काही झालंच नाही अशी, चालू!

यामागचं कारण मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो, त्यामुळे नळीतला दाब कमी होतो. वरून खानदेशातलं ४४ अंशांचं ऊन, शेजारून इंजिनाची धग. पेट्रोल नळीतच उकळतं आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. ओलं फडकं म्हणजे पंपाला केलेला माठ, बस्स.

हे सगळं आठवायचं कारण माझा आतेभाऊ. दादाचं चाळीसगावात गॅरेज आहे, तीस वर्षं झाली. तिथे एका हौशी शेतकऱ्याची गाडी येऊन पडली होती. पाइपची चासी, फायबरची बॉडी, दोनच सीटा, छप्पर नाही, आणि पुढे कॉन्टेसाचं १.८ लिटरचं इसुझू इंजिन. पुण्या-मुंबईच्या भाषेत किट कार, चाळीसगावच्या भाषेत बिनटपाची. ते इंजिन कार्ब्युरेटरवरून इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवर न्यायचं मालकाच्या मनात आलं. दादाने मला पुण्याला फोन केला, "ते कम्प्युटरचं तू बघ."

(गाडी शेतातल्या खासगी रस्त्यावरच फिरते, हे आधीच सांगतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळे बदल करू देत नाही आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये ते आणखी ठणकावून सांगितलंय. तेव्हा वाचून लगेच आपल्या गाडीला हात लावू नका.)

किट कार हा प्रकार मूळचा इंग्लंडातला. कॉलिन चॅपमनने १९५७मध्ये लोटस सेव्हन आणली. तयार गाडीवर तिथे खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून लोक गाडी खोक्यातून घरी आणून स्वतः जोडायचे. आपल्याकडे अलिबागजवळ गिडो आणि शमा बोथे यांच्या चिंकारा मोटर्सने याच धर्तीची रोडस्टर केली, तीही इसुझूच्याच १.८ लिटर इंजिनावर. हे इंजिन आपल्याला परकं नाही. हिंदुस्थान मोटर्स ते पीथमपूरला बनवायची. धुळ्याहून आग्रा रोड धरला की सेंधव्याच्या पुढे, इंदूरच्या अलीकडे. कॉन्टेसात आणि १९९०च्या दशकात ॲम्बेसेडरमध्ये ते कार्ब्युरेटरसकट आलं. पुढे त्याच ॲम्बेसेडरमध्ये तेच इंजिन एमपीएफआय होऊन आलं. म्हणजे आम्ही जे करायला निघालो होतो ते कंपनीने आधीच केलेलं होतं. फक्त कंपनीकडे प्रयोगशाळा होती, आमच्याकडे दादा.

आता कार्ब्युरेटरबद्दल थोडं. आम्ही सॉफ्टवेअरवाले त्याला उगाच जुनाट समजतो. खरं तर तो एक अजब गणकयंत्र आहे, वीज न लागणारं. हवा अरुंद गळ्यातून जाते, तिचा वेग वाढतो, दाब पडतो, आणि पडलेल्या दाबाच्या प्रमाणात जेटमधून पेट्रोल वर ओढलं जातं. जास्त हवा, जास्त पेट्रोल. गुणाकार आपोआप! पण हे सूत्र सगळीकडे नीट चालत नाही. इंजिन आयडलला असताना ओढ फारच कमी, म्हणून वेगळा आयडल जेट. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की हवा पटकन धावते आणि पेट्रोल मागे राहतं, म्हणून पिचकारीसारखा ॲक्सिलरेटर पंप. थंडीत चोक. (फियाटच्या चोकच्या नॉबला पर्स अडकवायची प्रथा होती, आणि मग ॲव्हरेज का पडलं म्हणून घरोघरी भांडणं.) एका साध्या सूत्रावर चाळीस वर्षांत चढवलेले पॅच. असा कोड मी ऑफिसात रोज बघतो.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची कल्पनाही वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने 'इलेक्ट्रोजेक्टर' आणला तो १९५७मध्येच, लोटस सेव्हनच्याच वर्षी. १९५८च्या क्रायस्लरच्या मोजक्या गाड्यांत तो बसला. त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला गाडीतली उष्णता आणि हादरे झेपले नाहीत आणि बहुतेक गाड्यांना नंतर कार्ब्युरेटर बसवून द्यावा लागला. पेटंट्स बॉशकडे गेली. बॉशने १९६७मध्ये डी-जेट्रॉनिक काढलं, फोक्सवॅगन १६००साठी. त्यातला 'डी' म्हणजे जर्मनमधला दाब. मॅनिफोल्डमधला दाब मोजायचा, त्यावरून हवा किती आली ते काढायचं आणि तेवढे मिलिसेकंद इंजेक्टर उघडा ठेवायचा. १९७६मध्ये व्होल्वोच्या गाडीत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला. आपण टाकलेलं पेट्रोल कमी पडलं की जास्त झालं, हे मशीनला तेव्हा पहिल्यांदा उलट कळायला लागलं.

आपल्याकडे मात्र हे आलं कोर्टाच्या दारातून. एम. सी. मेहतांच्या प्रदूषणाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २९ एप्रिल १९९९ला आदेश दिला. दिल्ली परिसरात १ जून १९९९पासून युरो-१ आणि १ एप्रिल २०००पासून युरो-२. नव्या गाडीला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतो. त्याला दोन पथ्यं. पहिलं, पेट्रोलमधलं शिसं चालत नाही. शिसेविरहित पेट्रोल देशभर झालं ते १ फेब्रुवारी २०००ला. दुसरं पथ्य अवघड. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, हे प्रमाण सतत सांभाळायचं. जेट आणि फ्लोटच्या जोरावर ते जमणं कठीण. झालं, कार्ब्युरेटरचे दिवस भरले! मारुती ८००सारखी घराघरातली गाडी त्याच सुमारास एमपीएफआय झाली. मुंबईला दुसरा टप्पा २००१मध्ये आला, आमच्या खानदेशासकट उरलेल्या देशाला १ एप्रिल २००५ उजाडावी लागली. धुरातही शहर आणि तालुका असा भेद होताच.

पण गंमत दुचाकींची आहे. हीरो होंडाने २००६मध्ये ग्लॅमर एफआय काढली. २००७मध्ये आमच्या पुण्याच्या बजाजने पल्सर २२० डीटीएस-एफआय आणली, इंजेक्शनवाली. आणि २००९मध्ये त्याच बजाजने तीच पल्सर पुन्हा कार्ब्युरेटर लावून विकायला काढली. किंमत कमी, कागदावरची ताकद उलट थोडी जास्तच, आणि जाहिरात 'फास्टेस्ट इंडियन'ची. क्रायस्लरनंतर पन्नास वर्षांनी पुन्हा माघार! लोकांनी ती आनंदाने घेतली, मला स्वतःला हवी होती. शेवटी एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ लागू झालं तेव्हा दुचाकींनाही इंजेक्शनवाचून गत्यंतर उरलं नाही.

ही तारीख दादाला तोंडपाठ आहे. कार्ब्युरेटर सेटिंग हे त्याचं खास काम. लांबून लोक यायचे. मालेगावचे यायचे, भडगाव-पाचोऱ्याचे यायचे. हातात एक स्क्रू-ड्रायव्हर, मान तिरकी. मिक्श्चरचा स्क्रू पाव फेरा इकडे, अर्धा तिकडे, "ऐक आता." मला काहीच वेगळं ऐकू यायचं नाही. नवीन गाड्या आल्या तसे लोक स्कॅनर असलेल्या दुकानात जायला लागले. स्कॅनर दादानेही घेतला, पण तो सांगतो तो एरर कोड, आणि पुढचं काम पार्ट बदलण्याचं. "याच्यात माझं काय काम?" असं तो एकदा म्हणाला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या गाडीला कंपनीचा संगणक वापरणार नव्हतो. त्यातलं कोष्टक कुलूपबंद असतं. आम्ही मेगास्क्वर्ट घेतला. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकनांनी २००१च्या आसपास हौशी लोकांसाठी काढलेला, स्वतः सोल्डर करून जोडायचा. किट कारला किट संगणक! दादाच्या ओळखीच्या लेथवाल्याने क्रँकच्या पुलीवर ३६ दात्यांची चकती बसवून दिली, एक दात काढून टाकलेली, म्हणजे संगणकाला फेरा कुठे सुरू झाला ते कळतं. मॅनिफोल्डला इंजेक्टरसाठी बोश्या वेल्ड केल्या. सगळ्यात जास्त काम निघालं पेट्रोलच्या लाइनचं. कार्ब्युरेटरला पाव बारच्या आसपास दाब पुरतो, इंजेक्शनला तीन बार. जुनी रबरी नळी या दाबाला टिकणार नाही, म्हणून नळ्या, क्लिपा, टाकीकडे परत जाणारी लाइन, सगळं नवीन. पंप टाकीत बुडवलेला. तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो, आणि दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. ओल्या फडक्याचा प्रश्न असा मिटतो.

मग उरलं कोष्टक. आडवे फेरे, उभा दाब, आमच्या साध्या कोडात ८ गुणिले ८, चौसष्ट खाने. इंजिन दोन खान्यांच्या मध्ये असेल तर संगणक प्रमाणाने मधली किंमत काढतो. हे मी दादाला समजावत होतो तेव्हा मलाच आठवलं, की हीच युक्ती आमच्या गावाशेजारच्या पाटणादेवीची! भास्कराचार्यांच्या ११५०च्या सिद्धांतशिरोमणीत ज्येचं कोष्टक आहे, अवघ्या २४ किमतींचं, आणि मधल्या कोनांसाठी प्रमाणाने किंमत काढायची रीत, शिवाय ती आणखी अचूक कशी करायची तेही. त्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून नातू चांगदेवाने पाटणला मठ काढला, त्याचा शके ११२८चा शिलालेख तिथे आहे. लहानपणी सहलीला जाऊन आम्ही तिथे डबे खाल्ले, बाकी काही पाहिलं नाही.

फरक एवढाच, की ज्येचं कोष्टक भूमितीतून काढता येतं. इंजिनाचं येत नाही. प्रत्येक इंजिनाचं वेगळं, ते चालवूनच भरावं लागतं. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन, सेन्सर बघत, दोन दिवस खाने भरले. आकडे सुरेख. भर उन्हात गाडी पहिल्या सेल्फला चालू. मी खूश.

दादा शेताच्या बांधावर उभा होता. म्हणाला, "दुसऱ्या गिअरला उचलताना अडखळते." मी म्हटलं, स्क्रीनवर तर काही दिसत नाही. तो अहिराणीत म्हणाला, "गाडी बोलस, भो. तूच आयकत नही." रात्री मी लॉग उघडून बारीक करून पाहिला. ॲक्सिलरेटर दाबल्यावर सेकंदाच्या अगदी लहान हिश्शात पेट्रोल कमी पडत होतं. मी सरासरी बघत होतो, त्यात ते बुडून गेलं होतं. म्हणजे जुन्या कार्ब्युरेटरातली ती पिचकारी मी लिहायलाच विसरलो होतो! दुसऱ्या दिवशी आम्ही ती भरली. आकडा मी टाकायचा, दादाने ऐकायचं, "अजून थोडं", "नको, जास्त झालं". दुपारपर्यंत तो बांधावरून खाली उतरून शेजारच्या सीटवर बसला होता आणि कुठला खाना बदलायचा ते बोट ठेवून सांगत होता.

काढलेला कार्ब्युरेटर भंगारात द्यायचा का, म्हणून मी निघताना विचारलं. दादाने तो रॉकेलने धुतला, फडक्यात गुंडाळला आणि वरच्या फळीवर ठेवला.

"बजाजनं परत बसवला होता ना?" म्हणाला.