दातांवरचा आळ

आपल्याकडं लेकराला ढाळ लागली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "दात येत असतील. होतंच असं." वरचे दात आधी आले तर मामाला जड, असंही म्हणतात. मामाची गोष्ट आज सोडून देऊ. जुलाबाची मात्र सोडता येत नाही, कारण त्या एका वाक्यापायी लेकरं दवाखान्यात उशिरा पोचतात.

हा समज फक्त आपल्याच गावांत आहे असं नाही. बाळाच्या दातांचा विचार माणसानं फार पूर्वीपासून केला आहे. काश्यपसंहिता हा लेकरांच्या आजारांवरचा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ. दात येण्यावर त्यात वेगळा अध्यायच आहे. पडून पुन्हा येणाऱ्या दातांना तिथं 'द्विज' म्हटलं आहे, म्हणजे दोनदा जन्मणारे.

विलायतेत तर दातांना लेकरांचा काळच समजत. सोळाव्या शतकात फ्रान्समधले नामांकित शल्यवैद्य आंब्रोज पारे दाताला वाट मिळावी म्हणून हिरडी चिरायला सांगत. ही रीत पुढं तीनशे वर्षं चालली. इंग्लंडमध्ये १८३९ साली पाच हजारांवर मृत्यूंचं कारण सरकारी दप्तरात 'दात येणं' असं लिहिलं गेलं. तिथं दात येताना द्यायची चूर्णं दुकानात मिळत आणि त्यांत पारा असे. ती खाऊन काही लेकरांचे हातपाय गुलाबी होत, सोलत, लेकरं तळमळत. त्याला 'गुलाबी आजार' म्हणत. १९४८ च्या सुमारास पाऱ्याचा संशय पक्का झाला, १९५४ साली तिथल्या चूर्णांतून पारा काढला आणि तो आजार जवळपास नाहीसाच झाला. म्हणजे आजार दातांचा नव्हता, औषधाचा होता.

मग दात आणि जुलाब एकाच वेळी का येतात? पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास दिसतो. त्याच सुमाराला आपण उष्टावण करतो, वरचं अन्न आणि पाणी सुरू होतं. लेकरू रांगायला लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. आईकडून पोटातच मिळालेली रोगाशी लढायची ताकद तोवर कमी झालेली असते. जंतू शिरतात ते हातांतून, पाण्यातून, न उकळलेल्या बाटलीतून. दात तेव्हाच डोकावतो आणि आळ त्याच्यावर येतो. दातामुळं लाळ गळते, हिरडी शिवशिवते, लेकरू किरकिर करतं. पाण्यासारखे जुलाब किंवा जोराचा ताप दातामुळं येत नाही.

जुलाबात लेकरू दगावतं ते अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळं. यावरचा साधा उपाय आपल्याच देशात मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाला. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगाव इथं पटकीची साथ पसरली आणि सलाईन संपत आलं. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते पाजायला लावलं. पाजणारे बरेचदा नातेवाईकच होते. शंभरातले तीसेक दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. आज आशाताईंकडं मिळते ती ओआरएसची पुडी याच उपायाची.

परभणीनं या काळात किती बदल पाहिले! १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९९९ साली हिंगोली वेगळी झाली. दातांवरचा आळ तेवढा घरोघरी राहिला.

तेव्हा जुलाब लागले की दात बघत बसू नका. अंगावरचं दूध चालूच ठेवा. पुडीवर लिहिलंय तेवढ्या स्वच्छ पाण्यात ओआरएस करा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून. दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, थोडं थोडं पाजा. झिंकच्या गोळ्या आशाताई सांगतील तशा चौदा दिवस पुऱ्या करा. डोळे खोल गेले, लेकरू मलूल झालं, पीत नसेल किंवा शौचात रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा.

आणि दातांचं काय? दुधाचे दात वीस. पडणारच आहेत म्हणून ते किडू द्यायचे नसतात. दुखरा दात असला की लेकरू जेवत नाही, आणि पक्क्या दातांची जागा हेच दात राखतात. दात येण्याआधी हिरड्या स्वच्छ ओल्या फडक्यानं पुसा. दात दिसला की मऊ ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, दिवसातून दोनदा. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. हिरडीला मध किंवा मिसरी लावू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीला हे मीठ-साखरेचं पाणी करून दाखवा, मोजमाप सगळ्याजणींच्या हाताखालून जाऊ द्या. आपल्या गावातून ऊसतोडीला जाणाऱ्या ज्या घरात तान्हं लेकरू आहे, तिथं निघायच्या आधी ओआरएसच्या पुड्या पोचल्या का, तेवढं एकीनं बघून या.