रूपकुंडाच्या अस्थींची साक्ष

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. म्हणीत शहाणपण आहे यात शंका नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने ती अक्षरशः पाळावयाची ठरवली, तर त्याला लेखणी खालीच ठेवावी लागेल. शिवाय आपण सारे तरी ती कुठे पाळतो? आपण कुळवृत्तांत छापतो, आणि तीर्थक्षेत्री उपाध्यायांच्या वहीत पणजोबांचे नाव सापडले की धन्य होतो. परंतु ज्यांचे नाव कोणत्याच वहीत नाही, त्यांचे कूळ कसे शोधावे? या कामी गेल्या काही दशकांत इतिहासाला एक नवा साक्षीदार मिळाला आहे. तो म्हणजे जुन्या अस्थींत टिकून राहिलेला डीएनए. या साक्षीदाराचे बळ किती आणि त्याची मर्यादा कोठे, हे आपण एका तळ्याच्या काठी पाहू.

गढवाल हिमालयात, त्रिशूळ शिखराच्या कुशीत, सुमारे ५,००० मीटर उंचीवर रूपकुंड नावाचे लहानसे तळे आहे. वर्षातील बहुतेक काळ ते गोठलेले असते. बर्फ वितळले म्हणजे काठावर आणि पाण्यात शेकडो माणसांच्या अस्थी दिसू लागतात. १९४२ साली एका वनाधिकाऱ्याने त्या पाहिल्या आणि तेव्हापासून तर्कांना ऊत आला. कोणी म्हणाले, हे १८४१ च्या तिबेट मोहिमेतील जोरावरसिंगाचे सैनिक. कोणी म्हणाले, वादळात सापडलेले व्यापारी. पण सांगाड्यांत स्त्रियाही निघाल्या, तेव्हा सैन्याचा तर्क लटका पडला.

तेथील डोंगरी लोकांचे उत्तर मात्र पूर्वीपासून तयार होते. नंदादेवीची राजजात नावाची मोठी यात्रा याच वाटेने जाते. एक राजा राणीसह, नर्तकींचा ताफा घेऊन यात्रेला निघाला. देवी कोपली आणि तिने सर्वांवर गारांचा मारा केला, अशी ती कथा. २००४ साली एक मोहीम तेथे गेली. तीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील अस्थितज्ज्ञही होते. काही कवट्यांवर वरून बसलेल्या व न भरलेल्या आघातांच्या खुणा आढळल्या. कार्बन-कालमापनाने इसवी सनाचे नववे शतक दाखविले. कथा आणि विज्ञान यांचे असे जुळले, की एक यात्रा, एक गारपीट, एक अनर्थ, ही उपपत्ती सर्वत्र रूढ झाली. खरे सांगायचे तर ती आम्हालाही पटली होती.

आता नव्या साक्षीदाराकडे वळू. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली शरीराची पोथी. निम्मी आईकडून येते, निम्मी बापाकडून. म्हणून तीत शेकडो पूर्वजांचे हस्ताक्षर मिसळलेले असते. मृत्यूनंतर या पोथीचे तुकडे होतात. बरेचसे तुकडे शंभर अक्षरांचेही नसतात. उष्ण व दमट हवेत ते लवकर नष्ट होतात, थंडीत टिकतात. त्यांच्या टोकांची काही अक्षरे काळाने बदलतात. ही झीजच त्यांच्या जुनेपणाची खूण ठरते, आणि अस्थी हाताळणाऱ्या माणसाचा ताजा डीएनए त्यावरून ओळखता येतो. १९८४ साली क्वागा या नामशेष झालेल्या प्राण्याच्या कातड्यातून असे तुकडे प्रथम वाचले गेले. पुढे स्वांते पाबो यांनी निअँडरथल मानवाची पोथी जुळविली आणि २०२२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हैदराबाद, लखनौ, हार्वर्ड आदी ठिकाणच्या संशोधकांनी रूपकुंडच्या ३८ व्यक्तींचा डीएनए वाचून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी २३ जण भारतीय उपखंडातील वंशपरंपरांचे होते, पण एका जमातीचे नव्हेत; निरनिराळ्या समाजांतून आलेले. त्यांचा काळ सातव्या ते दहाव्या शतकांमधला. आणि तेही सर्व एकाच वेळी मेलेले नव्हेत. येथवर यात्रेच्या कथेला फारसा धक्का नाही. परंतु उरलेल्यांपैकी १४ जणांची वंशपरंपरा भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील निघाली. आजच्या ग्रीस व क्रीट येथील लोकांशी त्यांचे सर्वांत जवळचे साम्य! आणखी एक जण आग्नेय आशियाच्या वंशाचा. या पंधरांचा काळ इ. स. १८०० च्या सुमाराचा, म्हणजे पहिल्या मंडळींनंतर जवळजवळ हजार वर्षांचा. अस्थींतील कार्बनवरून आहारही कळतो. भारतीय गटातील काहींच्या आहारात भरड धान्ये होती. भूमध्य गटाच्या आहारात ती जवळजवळ नव्हतीच. दोन निरनिराळे साक्षीदार असे एकच सांगतात, तेव्हा साक्षीला वजन येते.

मग ग्रीसकडची ही माणसे, स्त्रिया आणि पुरुष, हिमालयातील या बर्फाळ तळ्यावर कशाला आली? येथे डीएनए मुका होतो. कूळ तो सांगतो. हेतू सांगत नाही. त्यांची भाषा कोणती, देव कोणता, ती कोणत्या नावाने हाक मारीत, हे अस्थींत लिहिलेले नसते. त्यासाठी दप्तरे, प्रवासवृत्ते, शिलालेख चाळावे लागतील. नव्या साधनाने जुन्या इतिहासकाराची सुट्टी केली नाही. उलट त्याचे काम वाढविले.

हे सांगण्याचे कारण असे की, आज डीएनएचा दाखला पुढे करून अमुक भूमी अमक्यांचीच, तमके उपरे, असे निवाडे भर सभेत दिले जातात. अशा वेळी रूपकुंड आठवावे. एका काठावर पडलेल्या अस्थी एकाच लोकांच्या, एकाच दिवसाच्या, एकाच कारणाच्या असणार, असे आपण गृहीत धरले होते आणि ३८ जणांच्या साक्षीने ते खोटे ठरले. डोंगरी लोकांची कथा मात्र सर्वस्वी खोटी ठरली नाही. ती काही जणांची कथा होती, आपण ती सर्वांची केली.

आणखी एक विनंती. महाराष्ट्रातूनही हौशी गिर्यारोहक तिकडे गेले आहेत. आजवर तेथे आलेल्या अनेकांनी त्या अस्थी हलविल्या, काहींनी आठवण म्हणून उचलून नेल्या. उचललेले प्रत्येक हाड म्हणजे उपाध्यायाच्या वहीतून फाडलेले पान होय. आपल्या पणजोबांचे पान कोणी फाडले तर आपल्याला कसे वाटेल, एवढे मनात आणले तरी पुरे. परमुलखात, बर्फात, कोणाचाही निरोप न घेता गेलेल्या या माणसांचे आता एवढेच लेखी उरले आहे.