ठिणगीची वहिवाट

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून ज्या ग्रामव्यवस्थेचे सांगोपांग वर्णन केले, तिच्यात लोहार हा थोरल्या ओळीचा बलुतेदार होता. फाळ ठोकून देणे, विळ्या-कुऱ्हाडींना पाणी देणे, गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवणे ही कामे त्याने वर्षभर करावीत आणि सुगीला खळ्यावरून आपला धान्याचा वाटा उचलावा, अशी वहिवाट होती. मुळशी तालुक्यातील ताथवडे हे एकेकाळचे शेतीचे गाव याच चौकटीतले. आज तेथे पत्र्याच्या छपराखाली वेल्डिंगची निळी ज्योत लकाकताना पाहून हा धंदा कारखान्यांनी आणला असे जे सर्रास समजले जाते, ते अर्धेच सत्य आहे.

कारण लोखंडाला लोखंड जोडण्याची विद्या भात्याइतकीच जुनी. दोन तुकडे कोळशाच्या भट्टीत पांढुरके होईपर्यंत तापवावेत, वर बारीक वाळू टाकून पृष्ठभागावरचे कीट वितळू द्यावे आणि क्षणाचाही विलंब न लावता ते ऐरणीवर एकमेकांवर ठेवून घण घालावा, की सांधा एकजीव होई. ताप कमी पडला तर सांधा धरत नसे, जास्त झाला तर लोखंडच जळून जाई. आणि ही मर्यादा सांगणारे साधन एकच, ते म्हणजे रंग ओळखणारा डोळा. तो डोळा भाता ओढता ओढता बालपणापासूनच तयार होत असल्यामुळे विद्या घराबाहेर गेली नाही, आणि घर जातीबाहेर नसल्यामुळे ती जातीबाहेरही गेली नाही. गावोगाव हिंडणाऱ्या घिसाड्यांच्या पालावरही हेच दृश्य असे: पुरुषाने सांडशी धरावी आणि बायकोने घण मारावा.

विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमध्ये ऑस्कर केलबर्ग यांनी धातूच्या सळईवर लेप चढवण्याची युक्ती काढली, तेव्हा या कुलुपाची किल्ली सापडली. विजेच्या ठिणगीने सळईचे टोक आणि जोडावयाच्या कडा एकदमच वितळतात, लेप जळून निघणारा वायू वितळलेल्या रसाला हवेपासून जपतो आणि वर साचलेली मळी थंड झाल्यावर हातोडीने उडवता येते. डोळ्याचे पुष्कळसे काम लेपाने पत्करले. पिढीजात समजली जाणारी ही विद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वर्षभराच्या शिक्षणाने कोणत्याही जातीच्या मुलाला मिळू लागली.

इकडे ताथवड्याजवळच्या पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि टेल्को व बजाज यांच्या कारखान्यांमागोमाग पुढे चाकणचा माळही यंत्रांनी भरला. अशा कारखान्यांना ट्रॉल्या, मांडण्या, जाळ्या, यंत्रांवरची संरक्षक आवरणे यांची गरज नित्य पडते, आणि एवढीशी कामे मोठ्याला परवडत नाहीत. ती लहान शेडकडे जातात. ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले, वस्ती वाढली, आणि फाटके, जिने, खिडक्यांच्या जाळ्या यांचीही मागणी त्यात मिळाली.

जातीची मक्तेदारी मोडली खरी, पण घराण्याची वहिवाट मात्र मोडली नाही. घरच्या शेडमध्ये बापाच्या हाती होल्डर, मुलाच्या हाती ग्राइंडर आणि हिशेबाची वही घरच्या बाईकडे, असा संसार पुन्हा मांडला जातो. कारण लेपाने सारेच काम पत्करलेले नाही. दहा नंबरचा रॉड कोणत्या कोनात धरावा, अँगलची चौकट ‘ओढू’ नये म्हणून गुण्या लावून आधी कोपऱ्यांत टाके कसे मारावेत, मग एकदा या बाजूस व एकदा त्या बाजूस कसे जोडत जावे, हे प्रमाणपत्रात मावत नाही. ते बापाच्या शेजारी उभे राहूनच येते. जे शाळेत मिळते त्यावर कोणाचीही मिरास राहत नाही, आणि जे सहवासाशिवाय येत नाही ते घरातच मुरते, असाच या इतिहासाचा निर्वाळा आहे.

बदलला तो मोबदल्याचा हिशेब. पूर्वी काम थोडे निघो वा पुष्कळ, लोहाराचे धान्य सुगीला एकदाच खळ्यावर मापले जाई. आता तयार फाटक काट्यावर चढते आणि मजुरी किलोमागे ठरते.