माईक कुणाचा सांगितलाय?

हेडफोन लावलेत? मग सुरू करूया. आजचा शब्द अगदी साधा आहे: माईक.

इंग्रजीत माईक म्हणजे फक्त ती वस्तू, जिच्यात आपण बोलतो. आवाज आत जातो ते तोंड. आवाज बाहेर फेकतो तो लाऊडस्पीकर, तो वेगळा. पण आमच्या जुन्नर तालुक्यात, बेल्ह्याकडं, लग्नघरी कुणी विचारलं की 'माईक कुणाचा सांगितलाय?', तर तो काही त्या बोलायच्या दांडक्याबद्दल विचारत नसतो. कर्णे, अॅम्प्लिफायर, वायरींची भेंडोळी आणि हे सगळं टेम्पोत घालून आणणारा माणूस, असा सगळा मिळून आपला माईक! सरकारी मराठीनं ध्वनिक्षेपक, ध्वनिवर्धक असे शब्द दिले. परवानगीच्या अर्जावर ते असतात. मांडवात कुणीच म्हणत नाही, 'जरा ध्वनिक्षेपक द्या इकडं.'

गंमत म्हणजे मूळ शब्द तोंडाचा नव्हताच, कानाचा होता. १८२७ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं 'मायक्रोफोन' हे नाव वापरलं ते बारीक आवाज ऐकण्याच्या एका साधनाला. वीज नाही, वायर नाही, कानाला लावायचं आणि ऐकायचं. पुढे टेलिफोन आला आणि १८७८ मध्ये डेव्हिड ह्यूजनं कार्बनच्या उपकरणाला हेच नाव दिलं. आवाजाचा दाब कार्बनवर पडला की त्यातून वाहणारी वीज कमीजास्त होते, एवढंच तत्त्व. मग १९२० च्या दशकात रेडिओ आला, आणि रोज रोज एवढं लांब नाव कोण घेणार? झालं 'माईक'. इंग्रजीत त्याची दोन स्पेलिंगं आहेत. एक माणसाच्या नावासारखं, म्हणजे माईकल वाला माईक, आणि दुसरं मायक्रोफोनची पहिली तीन अक्षरं उचललेलं, जे पुष्कळ उशिरा रुळलं. यावर तिकडं अजून वाद होतात. आपण कानानं ऐकलं, देवनागरीत लिहिलं, विषय मिटला. फार तर 'माइक' की 'माईक' एवढंच भांडण उरलं.

मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. पण गावागावांत माईक पोहोचवला तो सभांनी. गांधी-नेहरूंचे जुने फोटो झूम करून बघा. पुष्कळ ठिकाणी माईकवर एक पाटी दिसते: शिकागो रेडिओ. नाव अमेरिकेचं असलं तरी कंपनी मुंबईच्या मोटवानेंची.

आता बेल्ह्याहून आळेफाट्याला या आणि तिथून पुण्याचा रस्ता धरा. पुढं नारायणगाव लागतं, तमाशाची पंढरी. भाऊ-बापूंचा फड इथला, विठाबाई नारायणगावकर इथल्या. पाडव्याच्या सुमाराला इथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात.

माईक नव्हता तेव्हा तमाशा कसा ऐकू जायचा? गळ्यावर. सोंगाड्या पट्टीत ओरडून बोलायचा, आणि मुख्य गायकानं ओळ सोडली की मागचे सुरत्ये ती वरच्या सुरात उचलून धरायचे. ढोलकी, हलगी, कडं ही वाद्यंसुद्धा उघड्या माळाची, चार भिंतींची नाहीत. माईक आला आणि गळ्याला विसावा मिळाला. हळू आवाजातला टोमणा शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ लागला. पण स्टँडवरच्या माईकपाशी येऊनच बोलायचं म्हटल्यावर नटाचे पाय बांधले गेले. पुढं तंबू मोठे झाले, प्रेक्षक हजारांत गेले, आणि माईकशिवाय उभं राहणं शक्यच राहिलं नाही.

आणि इथंच खरी अडचण झाली. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. आता तमाशाचा क्रम बघा: गण, गवळण, रंगबाजी आणि सगळ्यात शेवटी वग. म्हणजे कात्री चालते ती वगावर, खऱ्या नाटकावर. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. परीक्षेच्या दिवसांत शेजारी कर्णा असला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पण रात्रीवर पोट असलेल्या कलेला आणि डीजेच्या भिंतीला एकच माप लावलं गेलं, हे मात्र खरं. पोलीस येऊन म्हणतात 'माईक बंद करा', आणि फडातल्या माणसाला ऐकू येतं 'खेळ बंद करा'.

आपल्याकडचा दुसरा माईक घाटातला. बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार प्रसिद्ध आहे, आणि जुन्नर-आंबेगावात बैल म्हटलं की बैलगाडा आलाच. बारी सुटते, काही सेकंदांत संपते. तेवढ्यात गाडामालकाचं नाव, गाव, बैलांचं कौतुक, सगळं माईकवरून उधळायचं असतं. 'झाली, झाली, झाली' म्हणत आवाज चढत जातो आणि शेवटी 'भिर्रर्र!' धुळीत ज्यांना बैल दिसलेच नाहीत, त्यांनाही शर्यत कळते ती या निवेदकामुळं. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली, आणि ते माईकही गप्प झाले. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. आता घाटात पुन्हा 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' ऐकू येतं.

तुमच्या फोनच्या खालच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं एक भोक आहे ना? तोही माईक. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि गावातली पोरं सरांना सांगू लागली, 'सर, तुमचा माईक बंद आहे.' त्या वाक्यात ना कर्णा होता, ना अॅम्प्लिफायर, ना टेम्पो.